त्याच जागेचं पाणी

समुद्रात पोहताना एखादी गटांगळी बसली की साधारण 20 मिलिलिटर पाणी पोटात जातं. किनाऱ्यालगतच्या दर मिलिलिटर पाण्यात सुमारे 1 कोटी विषाणू असतात. म्हणजे एका घोटात 20 कोटी, महाराष्ट्राच्या लोकसंख्येहून जास्त. तरी घसा जळजळतो, ठसका लागतो आणि तेवढ्यावर निभावतं. या वीस कोटींपैकी जवळजवळ कुणालाच माणसात रस नसतो. त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे: समुद्रातले जिवाणू आणि एकपेशीय शैवालं.

ही गर्दी विज्ञानाच्या ध्यानात यायला 1989 साल उजाडावं लागलं. तोवर विषाणू मोजायची रीत अशी, की ताटलीत जिवाणू वाढवायचे, त्यावर समुद्राचं पाणी सोडायचं आणि जिवाणू मेल्याचे किती डाग पडतात ते मोजायचं. पण समुद्रातले बहुतेक जिवाणू ताटलीत वाढतच नाहीत, मग त्यांचे विषाणू दिसणार कसे? नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या ओइविंद बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. आधीच्या अंदाजांपेक्षा हजार ते एक कोटी पटींनी जास्त विषाणू त्यांना दिसले. आज सगळ्या महासागरांतल्या विषाणूंची संख्या एकावर तीस शून्यं एवढी मानतात. एकेक विषाणू इतका क्षुल्लक, की त्याला वजन आहे म्हणायचीही पंचाईत. पण त्या सगळ्यांमधला कार्बन एकत्र केला तर तो साडेसात कोटी निळ्या देवमाशांमधल्या कार्बनाइतका भरतो, असा कॅनडाचे विषाणुतज्ज्ञ कर्टिस सटल यांचा हिशोब आहे.

ते करतात काय? विषाणू जिवाणूच्या अंगाला चिकटतो, आपली जनुकं आत सोडतो आणि त्या पेशीची सगळी यंत्रणा आपल्या नकला काढण्याला जुंपतो. पेशी फुटते, पंचवीस-पन्नास नवे विषाणू बाहेर पडतात आणि पेशीतला सगळा ऐवज पाण्यात सांडतो. समुद्रातल्या जिवाणूंपैकी साधारण पाचवा हिस्सा रोज असा मरतो. तो मेला नसता तर त्याला एखाद्या सूक्ष्म प्राण्याने खाल्लं असतं, त्याला कोळंबीच्या पिल्लाने, आणि तो कार्बन पायरीपायरीने बांगड्यापर्यंत पोचला असता. पेशी फुटल्यामुळे ते अन्न वर न चढता विरघळून पुन्हा जिवाणूंच्याच तोंडी जातं. खळ्यावरचं धान्य घरी न येता तिथल्या तिथे पुन्हा पेरलं जावं, तसं. स्टीव्हन विल्हेल्म आणि सटल यांनी 1999 मध्ये अंदाज केला, की प्रकाशसंश्लेषणाने समुद्रात बांधल्या जाणाऱ्या कार्बनापैकी 6 ते 26 टक्के या आडवाटेने जातो. मासळी किती मिळणार आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड तळाशी किती गाडला जाणार, हे दोन्ही हिशोब या टक्क्यांना बांधलेले आहेत.

आणि आता पाणी तापतं आहे. साहजिक प्रश्न असा, की उष्णतेने विषाणू वाढतील का? वर्तमानपत्रांना हा प्रश्न फार आवडतो. ‘घातक विषाणू’ हे शब्द मथळ्यात घातले की वाचक थबकतो. माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. विषाणूला स्वतःचा श्वास नाही, चयापचय नाही. गरम पाण्यात आणि अतिनील किरणांत मोकळा तरंगणारा विषाणू उलट लवकर निकामी होतो. तापमानाचा खरा परिणाम होतो तो यजमान पेशीवर, आणि त्या पेशीशी विषाणूचं जे काही देणंघेणं आहे त्यावर.

एमिलियानिया हक्सली नावाच्या शैवालाचं उदाहरण घ्या. ही एक गोल पेशी, अंगभर खडूच्या नक्षीदार चकत्या ल्यालेली. उत्तर अटलांटिकात ती बहराला आली की शेकडो किलोमीटरचा समुद्र दुधाळ निळा दिसतो, उपग्रहातूनसुद्धा. हा बहर बहुतेकदा संपवतो तो तिचा ठरावीक विषाणू. 2014 मध्ये अमेरिकी संशोधकांनी या शैवालाचा एक वाण आणि त्याचा विषाणू प्रयोगशाळेत एकत्र वाढवले. 18 अंश सेल्सिअसला शैवाल हमखास मरायचं. 21 अंशांना तेच शैवाल, तोच विषाणू, आणि शैवाल ढिम्म! तीन अंशांत पेशी विषाणूला दाद देईनाशी झाली होती. मायक्रोमोनास या इवल्या हिरव्या शैवालाबाबत फ्रान्समध्ये झालेले प्रयोग आणखी गुंतागुंत दाखवतात. शैवालाला जे तापमान सर्वांत मानवतं त्याच्या खाली पाणी जसजसं उबदार होतं, तसतसा विषाणू पेशीचा लवकर फडशा पाडतो. ते तापमान ओलांडलं, की पेशी फुटणं लांबतं किंवा टळतंच. म्हणजे तीच एका अंशाची वाढ नॉर्वेच्या समुद्रात विषाणूच्या पथ्यावर पडेल आणि उष्ण कटिबंधात यजमानाच्या. सगळ्या महासागरांना लागू पडेल असं एका वाक्यातलं उत्तर इथे मिळत नाही, आणि असं उत्तर देणाऱ्यापासून सावध राहिलेलं बरं.

शिवाय प्रत्येक विषाणू लगेच मारतोच असंही नाही. काही जण यजमानाच्या जनुकसंचात आपली जनुकं खोवून देतात आणि पिढ्यान्पिढ्या तिथेच मुक्काम ठोकतात. यजमान विरळ असताना मुक्काम परवडतो, असं बरीच वर्षं मानलं जायचं. 2016 मध्ये प्रवाळबेटांभोवतीच्या पाण्यावरून काही संशोधकांनी उलटा दावा केला, की यजमानांची दाटी झाल्यावर मुक्काम वाढतो. हा वाद मिटलेला नाही, पण तो नुसता पोथीतला वाद नव्हे. वरचं पाणी तापून हलकं झालं की ते खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही, खालची पोषकद्रव्यं वर येत नाहीत आणि यजमान विरळ होतात. अशा वेळी विषाणू मारणार की थांबणार, यावर कार्बनाची वाट ठरते.

मुक्कामी विषाणू यजमानाला काय देऊन जातो याचं सर्वांत भयंकर उदाहरण आपल्याला नावाने ठाऊक आहे: पटकी. कॉलऱ्याचा जिवाणू मुळात खाड्यांचा आणि किनाऱ्याच्या निमखाऱ्या पाण्याचा रहिवासी. ज्या विषामुळे माणूस काही तासांत कोरडा पडतो, त्या विषाचं जनुक जिवाणूचं स्वतःचं नाहीच. ते त्याच्यात मुक्कामाला आलेल्या एका विषाणूचं आहे. 1996 मध्ये मॅथ्यू वाल्डर आणि जॉन मेकॅलानोस यांनी हे दाखवून दिलं. याउलट काही विषाणू यजमानाला मारता मारता राबवूनही घेतात. नीलहरित जिवाणूंचे काही विषाणू प्रकाशसंश्लेषणाचं जनुक स्वतःजवळ बाळगतात. पेशी मरणपंथाला लागलेली असतानाही तिचा कारखाना चालू राहावा म्हणून.

हे झालं प्रयोगशाळेतलं. खऱ्या समुद्रात काळाच्या ओघात काय घडतं ते पाहायचं तर एकच उपाय आहे, आणि तो कमालीचा कंटाळवाणा आहे: त्याच जागी परत जायचं. बर्म्युडाच्या आग्नेयेला सुमारे 80 किलोमीटरवर 1988 पासून एक जहाज जवळजवळ दर महिन्याला जातं, ठरलेल्या खोलींवरून बाटल्या भरून आणतं. त्यातले विषाणू मोजायचे म्हणजे पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून ओढायचं, गाळणीवर जनुकांना चिकटणारा रंग घालायचा आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके मोजत बसायचं. मोठे ठिपके जिवाणू, टाचणीच्या टोकाएवढे ते विषाणू. दहा वर्षांच्या अशा मोजणीतून एक तालबद्ध चित्र उभं राहिलं. दर उन्हाळ्यात, पाण्याचे थर स्थिर झाले की 60 ते 100 मीटर खोलीवर विषाणूंचा दाट पट्टा तयार होतो, प्रोक्लोरोकॉकस या नीलहरित जिवाणूच्या पाठोपाठ. हिवाळ्यात वारा पाणी ढवळून काढतो आणि पट्टा विरतो. हे एका सफरीत कळलं नसतं. जुलैत गेलेला म्हणाला असता इथे विषाणू फार, फेब्रुवारीत गेलेला म्हणाला असता तसं काही नाही. आणि दोघेही खरं बोलत असते.

कॅलिफोर्नियाच्या सान पेद्रो खाडीत जेड फुर्मन यांच्या गटाने याच चिकाटीने पाणी गोळा केलं. विषाणूंच्या पाच वर्षांच्या मासिक नमुन्यांतून त्यांना दोन गोष्टी एकदम दिसल्या. विषाणूंच्या बहुसंख्य जाती पाचही वर्षं तिथेच होत्या, दर ऋतूला परतत होत्या. पण एकेका जातीच्या पोटात डोकावलं तर तिथे सतत उलथापालथ: आज एक उपप्रकार वरचढ, काही महिन्यांनी दुसरा. जिवाणू कुलूप बदलतो, विषाणू किल्ली बदलतो. दुरून शांत दिसणारा समुद्र आतून एकसारखा धावत असतो, म्हणूनच त्यातला हवामानाचा वाटा वेगळा काढायला पाच वर्षंही तोकडी पडतात.

मग पन्नास वर्षं मागे कसं जाणार? याचं उत्तर एका इंग्रज माणसाच्या विक्षिप्त यंत्रात सापडलं. ॲलिस्टर हार्डी यांनी प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे इवले जीव, टिपणारी एक पेटी बनवली आणि 1931 पासून ती व्यापारी जहाजांमागे बांधून ओढली जाऊ लागली. पेटीत रेशमी जाळीची पट्टी हळूहळू गुंडाळली जाते, वाटेतलं प्लवक तिच्यावर अडकतं आणि फॉर्मॅलिनमध्ये टिकतं. हेतू एवढाच, की माशांचं खाद्य कुठे किती आहे ते कळावं. आनुवंशिकतेची माहिती डीएनएत असते हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. पण पट्ट्या कुणी फेकल्या नाहीत. 2016 मध्ये लुइजी वेत्सुली आणि सहकाऱ्यांनी 1958 ते 2011 या काळातल्या पट्ट्यांमधून जिवाणूंचा डीएनए काढला आणि दाखवलं, की उत्तर अटलांटिकाचं पाणी तापत गेलं तसतसं व्हिब्रिओ जिवाणूंचं प्रमाण वाढत गेलं. कॉलऱ्याचा जिवाणू याच कुळातला. या सगळ्या शोधकथेत मला सर्वांत थोर वाटतो तो या पट्ट्यांच्या गोदामाचा हिशोब ठेवणारा अनाम कारकून.

आता आपला समुद्र. अरबी समुद्र या बाबतीत सामान्य नाही. खुल्या महासागरांत ऑक्सिजन अगदी नाहीसा होत आलेले जे तीन मोठे पट्टे आहेत, त्यांतला एक इथे, साधारण 150 ते 1000 मीटरांच्या दरम्यान आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पश्चिम हिंदी महासागराचा पृष्ठभाग 1901 ते 2012 दरम्यान उन्हाळ्यात 1.2 अंशांनी तापला. आणि तिथलं वनस्पती-प्लवक सहा दशकांत 20 टक्क्यांपर्यंत घटलं असावं. पावसाळ्यात खालचं ऑक्सिजन कमी असलेलं पाणी आपल्या किनाऱ्याच्या उथळ भागावर चढून येतं. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कांदोळीसमोरच्या एका ठरलेल्या जागेवरून हे पाणी तपासत आले आहेत. पावसाळा सरता सरता तिथे तळाशी सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सापडतो. 2000 मध्ये या संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी यांनी याच किनारपट्टीवर नायट्रस ऑक्साइड या उष्णताधारक वायूचा एवढा साठा नोंदवला, की तेवढा त्याआधी समुद्रात कुठेच आढळला नव्हता. हा वायू घडवतात ते जिवाणू. आणि ऑक्सिजन-न्यून पाण्यातल्या जिवाणूंना त्यांचे त्यांचे विषाणू आहेत. गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंच्या विषाणूंमध्ये तर गंधक पचवायची उसनी जनुकंही सापडली आहेत.

थोड्याशा मोजणीवरून निष्कर्ष काढला की काय होतं याचा नमुनाही इथेच आहे. या शतकाच्या सुरुवातीपासून उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिलुका नावाच्या प्लवकाचे हिरवे बहर पसरू लागले. त्याचेच भाऊबंद आपल्या किनाऱ्यावर रात्री लाटांना निळी झळाळी देतात आणि व्हिडिओ काढायला गर्दी लोटते. 2014 मध्ये हेल्गा गोम्स, जोकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी या बहरांचा संबंध पसरत्या ऑक्सिजन-टंचाईशी जोडला. चारच वर्षांनी भारतीय संशोधकांनी ऑक्सिजन पुरेसा असलेल्या पाण्यातही असे बहर नोंदवले. कोण बरोबर, हे वक्तृत्वाने ठरणार नाही. ते त्याच जागेच्या लांबलचक नोंदी ठरवतील.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. समुद्रविज्ञानाचा पैसा येतो तो तीन किंवा पाच वर्षांच्या प्रकल्पांसाठी, नव्या शोधाच्या हमीवर. दर महिन्याला त्याच जागी जाऊन तेच मोजणाऱ्याला हमी कसली देता येणार? कांदोळीसारख्या जागा प्रकल्प म्हणून न चालवता वेधशाळा म्हणून चालवायला हव्यात, कुलाब्याला जसा पाऊस मोजतात तशा. कुणी संचालक बदलला म्हणून पर्जन्यमापक बंद पडत नाही. आणखी अशा दोन जागा रत्नागिरी आणि मालवणसमोर असाव्यात. ऑक्सिजन आणि तापमानाबरोबर तिथे विषाणूही मोजले जावेत. दर वेळी दोन बाटल्या जास्तीच्या भरून, गाळून, त्या गाळण्या उणे 80 अंशांवर ठेवून द्याव्यात. आज त्यांचं काय करायचं हे ठाऊक नसलं तरी चालेल. यासाठी नवं जहाज लागत नाही. एक होडी, एक शीतकपाट आणि त्याची वीज जाऊ न देणारा एक माणूस लागतो, आणि त्या माणसाचा पगार वेळेवर व्हायला हवा.