फोटो आणि जतन

परवा केळकर संग्रहालयात पुन्हा एकदा जाऊन आलो. पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या त्या वास्तूत मी किती वेळा गेलो असेन, याचा हिशेब माझ्यापाशी नाही. घरी पाहुणा आला की त्याला दाखवण्याचे निमित्त करावे आणि स्वतःच रमावे, असा माझा जुना परिपाठ आहे. ह्या खेपेला मात्र एकटाच गेलो आणि बरोबर कॅमेरा नेला. दिवे, कुलपे, दौती, पाय घासायच्या वज्र्या, कोरीव दारे, वाद्ये आणि कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभारलेला मस्तानी महाल; काही म्हणून सोडले नाही. घरी येऊन मोजली, तर छायाचित्रे २०० च्या वर भरली. मन तृप्त व्हायला हवे होते. झाले उलटेच.

त्याला कारण झाला एक अडकित्ता. तिथल्या अनेक पितळी अडकित्त्यांपैकी एकाचे चित्र रात्री पाहत होतो आणि एकाएकी मला आजीचा अडकित्ता आठवला. आमचे गावचे घर पाडायचे ठरले, तेव्हा आम्ही भावांनी माळ्यावरची सारी तांब्यापितळेची भांडी ओसरीवर मांडली होती. शहरातल्या दोन खोल्यांत ती कोण ठेवणार? मी एकेका वस्तूचा फोटो काढला आणि मग सारे वजनावर मोडीत गेले. आत्या खांबाला टेकून बघत होती. मी तिला म्हणालो, "आत्या, काळजी करू नकोस, सगळ्याचे फोटो काढून ठेवले आहेत." ती म्हणाली, "फोटोने सुपारी कातरता येते का रे?"

त्या वेळी आम्ही सगळे हसलो होतो. परवा रात्री ते जुने फोटो शोधून काढले. इतक्या वर्षांत ते मी एकदाही पाहिले नव्हते. अडकित्ता त्यांत होता, पण तो हातात घेतला की लागणारा भार नव्हता, आणि दुपारच्या शांततेत ऐकू येणारा त्याचा आवाजही नव्हता. यापेक्षा बोचले ते निराळेच. ती चित्रे मी आठवण राहावी म्हणून काढली, असे समजत आलो होतो. खरे पाहता, वस्तू टाकताना मन खाऊ नये म्हणून ती काढली होती. फोटो निघाला आणि हात मोकळे झाले.

आता कोणी म्हणेल, यात एवढे अपराधी वाटण्यासारखे काय आहे? प्रत्येकाने पूर्वजांची प्रत्येक वस्तू सांभाळायची म्हटले, तर जिवंत माणसांना पाय ठेवायला जागा उरणार नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. विसरण्याचाही माणसाला हक्क आहे. शिवाय आमच्यासारख्यांनी वस्तू टाकल्या नसत्या, तर ते संग्रहालय तरी कशाने भरले असते? आणि तिथे तरी त्या कुठे पूर्वीसारख्या जगतात? दिवा आहे, पण त्यात तेल नाही. अडकित्ता आहे, पण सुपारी नाही.

मग तिथे जे आहे त्याला जतन का म्हणायचे आणि माझ्या फोटोंना का म्हणायचे नाही? मला वाटते, फरक कष्टाचा आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला आरंभ केला. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. संग्रहाला त्यांनी त्याचे नाव दिले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. वीस हजारांहून अधिक वस्तू जमल्या आणि अखेर तो सारा संग्रह त्यांनी शासनाच्या स्वाधीन केला. ज्याला वाढवायचे, त्याच्यासाठी काही करणे आता शक्य नव्हते. तरी त्याच्या नावाने एक काम आयुष्यभर चालू राहिले. वस्तू आणावी लागते, पुसावी लागते, तिला जागा द्यावी लागते. ती रोज आपल्याकडून काही तरी मागते आणि ते देण्यालाच जतन म्हणतात. माझ्या फोटोंनी माझ्यापाशी काहीच मागितले नाही.

म्हणून भांडी मोडीत घातली याचा मला आज पश्चात्ताप नाही. त्या टाकण्याला मी जतन हे नाव दिले, याचा मात्र आहे. "आम्हांला हे सांभाळणे जमत नाही," असे आत्याला सरळ सांगता आले असते. त्या अडकित्त्याने शेवटची एक सुपारी कातरून, ती सगळ्यांना वाटून मग त्याला निरोप देता आला असता. त्याला पैसा लागत नव्हता की जागाही लागत नव्हती. थोडा वेळ लागला असता, आणि थोडे रडू आले असते.

केळकर संग्रहालयात मी पुन्हा जाईनच, आणि बहुधा कॅमेराही नेईन. सवय इतक्या सहज सुटत नाही. पण त्याआधी आत्याकडे जायचे आहे. त्या दिवशी ढिगातून तिने एक फुलपात्र उचलून पदराआड घेतले होते. त्यातून ती अजून रोज पाणी पिते. त्याचा फोटो मी काढलेला नाही.