लठ्ठ देवदत्त आणि संघाची पर्स

सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण वेतनखर्चावरची मर्यादा, हा प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांना दिलेला शब्द असतो. ठरलेल्या रकमेपुढे कोणी जायचे नाही, म्हणजे मालक जितका श्रीमंत तितके चषक जास्त, असे होणार नाही. शब्द देतात संघमालक. तो पाळला जातो की नाही याची चिंता मात्र सर्वात जास्त वाहतो चाहता, आणि त्याच्याकडे ना हिशेबाची वही असते, ना ती मागण्याचा हक्क. त्यातून एक जुनाच तात्त्विक प्रश्न उभा राहतो: ज्याच्यावर निष्ठा आहे त्याच्यावर संशय घ्यावा का, आणि घ्यावा तर किती पुराव्यावर?

इंडियन प्रीमियर लीगमध्ये या मर्यादेला सगळे ‘पर्स’ म्हणतात. 2008 च्या पहिल्या लिलावात ती प्रत्येक संघाला 50 लाख डॉलर होती. 2024 च्या हंगामासाठी ती 100 कोटी रुपये झाली आणि 2025 साठी 120 कोटी. लिलाव टीव्हीवर दिसतो, हातोडा पडलेली प्रत्येक रक्कम जाहीर होते. त्यामुळे ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोबाहेर चहा पिणाऱ्यालाही मुंबई इंडियन्सची उरलेली पर्स तोंडपाठ असते. शंका येते ती लिलावाबाहेरच्या पैशांची. 2010 मध्ये कायरन पोलार्डवर चार संघ कमाल बोलीला, 7 लाख 50 हजार डॉलरला, येऊन अडले तेव्हा निर्णय बंद पाकिटांतून झाला. जिंकलेल्या मुंबईच्या पाकिटातला आकडा जाहीर झाला नाही. त्याच वर्षी रवींद्र जडेजाला, राजस्थान रॉयल्सशी बांधलेला असताना दुसऱ्या संघाशी बोलणी केल्याबद्दल, हंगामभर बाहेर बसावे लागले. 2012 मध्ये एका वाहिनीच्या छुप्या चित्रीकरणानंतर पाच खेळाडू निलंबित झाले. करारातल्या रकमेपलीकडे टेबलाखालून पैसे मिळतात, असेही बोलणे त्या चित्रीकरणात होते.

मुंबईच्या चाहत्यांपुढे हा प्रश्न सर्वात टोकदार झाला तो नोव्हेंबर 2023 मध्ये. गुजरात टायटन्सचा कर्णधार हार्दिक पंड्या रोख व्यवहारात मुंबईकडे आला. त्याचे 15 कोटींचे मानधन मुंबईच्या पर्समधून वजा झाले, आणि तेवढी जागा व्हावी म्हणून कॅमेरून ग्रीनला 17 कोटी 50 लाखांना बंगळूरकडे द्यावे लागले. इथवर सगळे उघड आहे. पण अशा बदलीत एक संघ दुसऱ्याला जे शुल्क देतो ते पर्समध्ये मोजले जात नाही, ते जाहीर करण्याचे बंधन नाही, आणि त्यातला वाटा खेळाडूलाही मिळू शकतो. बाजारात अनेक आकडे फिरले. दुजोरा एकालाही मिळाला नाही. 15 डिसेंबरला रोहित शर्माच्या जागी हार्दिक कर्णधार झाला. 1 एप्रिल 2024 ला, ठाण्याहून दादर आणि दादरहून चर्चगेट असा लोकलचा प्रवास करून वानखेडेवर पोचलेल्या मुंबईच्याच चाहत्यांनी नाणेफेकीच्या वेळी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. समालोचक संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावे लागले. त्या हंगामात मुंबई चौदांपैकी चार सामने जिंकून तळाला, दहाव्या स्थानावर राहिली.

त्या हुर्योत तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या: रोहितचे कर्णधारपद गेल्याचे दुःख, पर्सचा नियम मोडला असल्याची शंका, आणि नियम न मोडताही अन्याय झाल्याची भावना. पहिलीला पुरावा लागत नाही. उरलेल्या दोन्हींना लागतो, आणि तोही एकाच प्रकारचा नाही.

वेतनमर्यादेबाबतचा संशय सहसा कागद पाहून येत नाही. तो येतो संघाकडे पाहून: इतके तारे, आणि तेही एवढ्या पर्समध्ये? या विचारपद्धतीला भारतीय तर्कशास्त्रात हक्काची जागा आहे. मीमांसकांनी तिला अर्थापत्ती म्हटले आणि स्वतंत्र प्रमाण मानले. त्यांचे ठरलेले उदाहरण लठ्ठ देवदत्ताचे. देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही. तर तो रात्री जेवत असला पाहिजे. रात्री जेवताना त्याला कोणी पाहिलेले नसते, पण ते मानल्याशिवाय दोन खऱ्या गोष्टींचा मेळ बसत नाही. नैयायिकांनी हे वेगळे प्रमाण मानले नाही, अनुमानातच घातले. पण निष्कर्षाच्या बळाबद्दल वाद नव्हता.

बळ आहे, पण अटींसह. देवदत्त खरोखर लठ्ठ असला पाहिजे आणि दिवसा जेवत नाही हे पक्के ठाऊक असले पाहिजे. शिवाय रात्रीच्या जेवणाखेरीज दुसरा उलगडा उरता कामा नये. चाहत्यांच्या वादात यातली एखादी अट जवळपास नेहमीच निसटते. संघाचा ‘लठ्ठपणा’ म्हणजे आजच्या भावाने खेळाडूंची किंमत. पण पर्समध्ये मोजली जाते ती घेतल्या दिवशीची. हार्दिक स्वतःच 2015 मध्ये मुंबईला 10 लाखांच्या मूळ किमतीत मिळाला होता. कल्याणचा तुषार देशपांडे 2022 च्या लिलावात चेन्नईला 20 लाखांना मिळाला, 2023 च्या विजेत्या संघासाठी त्याने 21 बळी घेतले, आणि त्यानंतरच्या मोठ्या लिलावात राजस्थानने त्याच्यासाठी साडेसहा कोटी मोजले. या दोघांच्या जोरावर संघ पर्सपेक्षा भारी दिसला, तर ते रात्रीचे जेवण नव्हे. दिवसाढवळ्या स्वस्तात घेतलेले जेवण आहे. पारखी नजरेमुळेही संघ लठ्ठ होतो. अर्थापत्ती लावण्याआधी ही शक्यता निकाली काढावी लागते, आणि ती काढण्याचा कंटाळा हेच बहुतेक आरोपांचे भांडवल असते.

तरीही देवदत्त कधी कधी खरोखर रात्री जेवत असतो. इंग्लंडमधला सारासेन्स हा रग्बी क्लब वर्षानुवर्षे जिंकत होता आणि प्रतिस्पर्ध्यांचे चाहते वर्षानुवर्षे हाच तर्क करत होते. नोव्हेंबर 2019 मध्ये निकाल आला: तीन हंगामांत मर्यादेचा भंग, 35 गुण वजा, 53 लाख 60 हजार पौंड दंड. क्लबचे मालक नायजेल रे यांनी खेळाडूंबरोबर भागीदारीत केलेली गुंतवणूक वेतनातच धरायला हवी होती, असे ठरले. जानेवारी 2020 मध्ये, खर्च मर्यादेत आणता येत नाही म्हणून, क्लबची हंगामाअखेर खालच्या श्रेणीत रवानगी निश्चित झाली. ऑस्ट्रेलियात रग्बी लीगमधल्या मेलबर्न स्टॉर्मने दुहेरी कागदपत्रे ठेवली होती, एक लीगला दाखवायला आणि एक प्रत्यक्ष व्यवहाराला. एप्रिल 2010 मध्ये त्यांची 2007 आणि 2009 ची विजेतेपदे काढून घेण्यात आली. तिथे वैयक्तिक मानधने जाहीर होत नसत, म्हणून देवदत्त दिवसा किती जेवतो हेच चाहत्यांना ठाऊक नव्हते. त्यांचा तर्क अंदाजावर उभा होता आणि बरोबर ठरला. आयपीएलचा चाहता या बाबतीत सुदैवी आहे. दिवसाचे ताट त्याच्यासमोर वाढले जाते, फक्त बदलीशुल्काची एक वाटी झाकलेली असते.

क्लबांचे नेहमीचे उत्तर असते, ‘चौकशीत काही सापडले नाही.’ यालाही मीमांसेत मापदंड आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे तिच्या अभावाचे प्रमाण मानले जाते. पण वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती असेल तरच. उजेडात टेबलावर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. इंग्लिश प्रीमियरशिप रग्बीने 2015 मध्ये वेतनमर्यादेची चौकशी तपशील न देता आपसात तडजोड करून मिटवली, तेव्हा तिने दिवा मालवून घडा नसल्याचे सांगितले. पुढच्या चार वर्षांतला संशय त्या गुप्ततेनेच पोसला.

आता निष्ठेचा प्रश्न. आपल्या संघाबद्दल चांगलेच मानायचे, हा निष्ठेचा भाग आहे काय? पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात सायमन केलर यांनी 2004 मध्ये आणि सेरा स्ट्राउड यांनी 2006 मध्ये मैत्रीबद्दल असा युक्तिवाद केला, की चांगला मित्र आपल्या मित्राविषयीचा पुरावा परक्यासारखा तोलत नाही, झुकते माप देतो, आणि तसे देणे मैत्रीतच अंतर्भूत आहे. मैत्रीपुरते हे पटण्यासारखे आहे. संघाबाबत पटत नाही, कारण संघाचे यश इतर संघांशी केलेल्या करारावर उभे असते. एच. एल. ए. हार्ट यांनी 1955 मध्ये मांडलेले तत्त्व इथे चपखल बसते: सर्वांनी नियम पाळल्याचा लाभ जो घेतो, त्याच्यावर ते नियम पाळण्याचे बंधन येते. मुंबईच्या 2013 ते 2020 मधल्या पाच विजेतेपदांचा अभिमान वाटतो तो बाकीच्यांचीही पर्स तेवढीच होती म्हणून. त्या अभिमानाचा आधार तपासणे निष्ठेविरुद्ध कसे जाईल?

गीतेचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. चौथ्या अध्यायाच्या शेवटी संशयी माणसाला ना हा लोक ना तो, असे बजावले आहे, आणि ज्ञानेश्वरीतही त्या स्थळी संशयावर कठोर प्रहार आहे. पण त्याच अध्यायात, थोडेच आधी, ज्ञान मिळवण्याच्या वाटांत नमन आणि सेवा यांच्या जोडीला परिप्रश्न, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारणे, सांगितले आहे. निंदा आहे ती प्रश्न न विचारता संशयातच राहणाऱ्याची. मराठी भक्तिपरंपरेत तर विचारणे भांडणापर्यंत जाते. नामदेव, जनाबाई, तुकाराम विठ्ठलाला जाब विचारतात, रागावतात, त्याच्या ब्रीदाची आठवण देतात. त्यामुळे कोणी त्यांना अभक्त म्हटले नाही. क्लब म्हणजे काही विठ्ठल नव्हे, हे वेगळे सांगायला नको. पण देवाला विचारता येते ते मर्यादित खाजगी कंपनीला विचारता येऊ नये, ही श्रद्धेची अजब कल्पना आहे.

दुसऱ्या टोकाला ‘सगळेच सेटिंग आहे’ म्हणणारा उभा असतो. त्याच्यावर उदयनाचार्यांचा उतारा लागू पडतो. साधारण हजार वर्षांपूर्वी न्यायकुसुमांजलीत त्यांनी संशयाची हद्द आखली: संशय तिथवरच चालतो, जिथे तो संशय घेणाऱ्याच्याच वागण्याशी विसंगत होत नाही. धुराचा आणि अग्नीचा संबंध नाही म्हणणारा धूर हवा असला की आगच पेटवतो. सगळे ठरवलेले असते म्हणणारा शेवटच्या षटकात नखे कुरतडतो आणि पुढच्या सामन्याचे तिकीट काढतो. मग त्याचा संशय बोलण्यापुरता आहे. न्यायशास्त्राने चर्चेचे केलेले तीन भेदही इथे ओळखू येतात: सत्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचे खोडून काढणारी वितंडा. वितंडेत मजा असते, निर्णय नसतो.

हिशेब मागण्याचा हक्क मात्र तर्काने मिळत नाही. गणेशोत्सव मंडळ नोंदणीकृत असेल तर त्याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो, आणि वर्गणीची पावती हातात असलेला माणूस जमाखर्च विचारतो तेव्हा त्याला कोणी फितूर म्हणत नाही. जर्मन फुटबॉलमध्ये क्लबच्या मताधिकाराचे बहुमत सभासदांकडे राहावे असा नियम आहे, काही अपवाद वगळता. भारतातल्या लीगमध्ये चाहता सभासद नाही, ग्राहक आहे. क्रिकेटमध्ये तसे आणि कबड्डीतही तसेच. प्रो कबड्डीत पर्स 5 कोटींच्या आसपास असल्याने आकडे लहान वाटतात, रचना तीच आहे. यू मुम्बाच्या चाहत्याला मुंबई इंडियन्सच्या चाहत्याहून एकही हक्क जास्त नाही. म्हणून इथला संशय क्लबच्या दारात जाऊन थांबतो आणि अखेर मैदानावरच्या माणसावर निघतो, ज्याच्या हातात नियमही नसतात आणि बदलीशुल्काचा कागदही नसतो.

हार्दिकच्या प्रकरणात नियमभंगाचा आरोप टिकत नाही: शुल्क पर्सबाहेर ठेवण्याची मुभा नियमानेच दिली होती आणि ती दहाही संघांना सारखीच होती. टिकतो तो नियमावरचा आरोप. ज्या मर्यादेबाहेर हवी तेवढी रक्कम न मोजता, न सांगता देता येते, ती मर्यादा श्रीमंत मालकाला अडवत नाही. त्यामुळे जाब विचारायचा तो नाणेफेकीला आलेल्या कर्णधाराला नव्हे, आयपीएलच्या नियामक मंडळाला; आणि मागणी एकच असावी, की बदलीशुल्क पर्समध्ये मोजा, ते जमत नसेल तर निदान जाहीर करा.