न वाचलेली पाटी

सदसद्विवेकाची कसोटी पाहणारे प्रसंग नेहमीच गाजावाजा करून येतात असे नाही. हौतात्म्य पत्करण्याची वेळ आपणांपैकी फारच थोड्यांवर येते. परंतु एखाद्या साध्या कागदावर सही करण्याची वेळ मात्र प्रत्येकावर येते. अशाच एका कागदाने आम्हांला दोन रात्री झोप लागू दिली नाही. तो कागद होता उचलून नेलेल्या एका मोटारगाडीविषयीचा.

आमचा भाचा कॅलिफोर्नियातील एका सरकारी विद्यापीठात संशोधन करतो. आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असता एका शनिवारी तो आम्हांला आपली प्रयोगशाळा दाखवावयास घेऊन गेला. अमेरिकेतील विद्यापीठाचे आवार म्हणजे एक लहानसे नगरच असते आणि त्या नगरातील सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे गाडी उभी करण्याची जागा! बर्कली येथील विद्यापीठात नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांना गाडीसाठी राखीव जागा देण्याची प्रथा आहे, यावरून तिचे मोल ध्यानी यावे. इतरांनी शुल्क भरून परवाना घ्यावयाचा आणि परवान्यावर नेमून दिलेल्या वाहनतळावरच गाडी लावावयाची, असा तेथील शिरस्ता. भाच्याजवळ परवाना होता, पण तो दूरच्या वाहनतळाचा. त्या दिवशी त्याने प्रयोगशाळेजवळच्या, कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या वाहनतळावर गाडी लावली. बाजूच्या प्रवेशद्वारातून आत शिरताना झाडाच्या फांद्यांआड अर्धवट झाकलेली एक पाटी आमच्या सौभाग्यवतींना दिसली.

"अरे, त्या पाटीवर काय लिहिलंय?" त्यांनी विचारले.

"मामी, आज शनिवार आहे. सुटीच्या दिवशी इथं कोण बघतंय?" भाचा म्हणाला. आम्हीही मान डोलावली.

दोन तासांनी परत येऊन पाहतो तो जागा रिकामी! गाडी चोरीला गेली असेच प्रथम वाटले. विद्यापीठाच्या पोलिसांना दूरध्वनी केल्यावर उलगडा झाला. परवान्याविना लावलेली गाडी त्यांच्या हुकमाने उचलून गावाबाहेरच्या आवारात नेऊन ठेवली होती. उचलण्याचा खर्च, ठेवण्याचा खर्च आणि वर दंड. विद्यार्थ्याच्या महिनाभराच्या किराण्याचे पैसे एका दुपारी गेले.

गाड्या उचलून नेणारे हे यंत्र मुळात कशासाठी जन्मले, हे पाहण्याजोगे आहे. १९१६ साली टेनेसी राज्यातील चॅटानूगा येथे अर्नेस्ट होम्स नावाच्या गृहस्थाने, ओढ्यात पडलेली मित्राची गाडी बाहेर काढताना झालेल्या कष्टांवरून धडा घेऊन, एका जुन्या मोटारीवर साखळ्यांची यारी बसविली. मित्राच्या साहाय्यासाठी सुचलेली युक्ती पुढे शिक्षेचेही साधन झाली. तरी शिक्षा करणाऱ्याला केवळ दुष्ट ठरविणे न्यायाचे होणार नाही. त्या वाहनतळाचे शुल्क भरलेली एखादी सफाई कामगार शनिवारच्या पाळीला आली असेल आणि आपली जागा अडलेली पाहून हताश झाली असेल. नियमामागे असा एक न दिसणारा शेजारी उभा असतो. त्याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो.

आपल्याकडे गाडी उचलली गेली की आपण दोनच मार्ग जाणतो: मुकाट्याने पैसे भरावेत, नाही तर कोणाची तरी ओळख काढावी. तिकडे तिसरा मार्ग आहे, सुनावणीचा. तोही आपोआप मिळालेला नाही. सुनावणी न देता नागरिकाची गाडी अडकवून ठेवणे घटनेला धरून नाही, असा निर्णय सॅन फ्रान्सिस्को शहराविरुद्धच्या खटल्यात संघराज्याच्या अपील न्यायालयाने १९७७ साली दिला. आज कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार सरकारी यंत्रणेने गाडी उचलून ठेवली, तर सूचनेच्या तारखेपासून दहा दिवसांत मालकाला सुनावणी मागता येते; ती मागितल्यापासून, शनिवार-रविवार व सुट्या वगळून, ४८ तासांत व्हावी लागते; आणि गाडी उचलण्याचा हुकूम ज्याने दिला, त्यानेच ती घ्यावयाची नसते. उचलण्यास वाजवी कारण नव्हते असे ठरले, तर उचलण्या-ठेवण्याचा खर्च त्या यंत्रणेने सोसावयाचा.

भाच्याने त्याच रात्री अर्ज लिहावयास घेतला. "प्रवेशद्वारावरची पाटी झाडाआड असल्यामुळे ती आमच्या दृष्टीस पडली नाही," असा त्यातला मजकूर होता. खाली साक्षीदार म्हणून आमच्या दोघांच्या सह्या हव्या होत्या.

"मी सही करणार नाही. मी पाटी पाहिली होती," सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या.

"मामी, पण पाटी झाडाआड होती हे तर खरंच आहे ना?"

होते. आणि म्हणूनच प्रश्न अवघड होता. संपूर्ण असत्य ओळखणे सोपे असते. सत्याचा अर्धा तुकडा पुढे करून उरलेला मुठीत दाबून धरणे, यात माणूस स्वतःलाच फसवितो. आपल्या चर्चच्या नीतिशास्त्रात या युक्तीची चर्चा जुनी आहे. काही शब्द उघड बोलावेत, काही मनातच ठेवावेत आणि तरी आपण खोटे बोललो नाही असे समाधान मानावे, या मताचा पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली निषेध केला होता.

मग तक्रारच करू नये काय? तेही आम्हांला पटेना. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुमा थिऑलॉजिका'मध्ये कायद्याची व्याख्या करताना प्रख्यापनाचा, म्हणजे तो लोकांपुढे जाहीर करण्याचा, समावेश केला आहे. जो जाहीर झाला नाही त्याला कायद्याचे बळ नाही. कॅलिफोर्नियात खासगी जागेच्या मालकाला पाटीच्या आधारावर गाडी उचलावयाची असेल, तर ती पाटी किमान १७ इंच गुणिले २२ इंच हवी, अक्षरे किमान एक इंच उंचीची हवीत आणि ती प्रत्येक प्रवेशद्वारावर स्पष्ट दिसली पाहिजे, असे तेथील कायदा सांगतो. तेराव्या शतकातील तत्त्वज्ञानाला विसाव्या शतकाने इंचांचे माप दिले! फांद्या न छाटणारे प्रशासन आपल्या कर्तव्यात चुकले होते, हे सांगण्याचा आम्हांला अधिकार होता.

परंतु संत थॉमस तेथेच थांबत नाहीत. कायदा जाहीर होताना जो हजर नव्हता, त्यालाही तो कळला असेल अथवा कळू शकत असेल, तर तो बांधील आहे, असे ते म्हणतात. 'कळू शकत असेल' या शब्दांनी आम्हांला कोंडीत पकडले. चार पावले मागे जाऊन पाटी वाचणे आम्हांला शक्य होते. आमचे अज्ञान आमच्यावर कोसळले नव्हते. आम्ही ते निवडले होते.

झाडाआडच्या पाटीचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला आहे. लॉस एंजेलिसमधील एका नागरिकाने १३४ डॉलर ५० सेंट भरून आपली गाडी सोडविली आणि झाडांमुळे पाटी दिसली नाही म्हणून परतावा मागितला. सुनावणी २७ दिवसांनी झाली. एवढा विलंब अन्याय्य आहे काय, हा प्रश्न पुढे गेला आणि २००३ साली न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. रकमेच्या मानाने हे हास्यास्पद वाटेल. पण आपले म्हणणे कोणीतरी वेळेवर ऐकावे, ही मागणी क्षुल्लक नाही. मात्र ज्याला ऐकवून घ्यावयाचे आहे, त्याने खरे ऐकविले पाहिजे. एरवी तो त्याच न्यायाला पोखरतो, ज्याचा आसरा मागतो.

अखेरीस अर्ज नव्याने लिहिला गेला. पाटी फांद्यांनी अर्धी झाकली होती. तिचा काही भाग आमच्यापैकी एकीला दिसला होता. आम्ही ती वाचण्याचा प्रयत्न केला नाही. तरी परक्या माणसाला ती वाचता येऊ नये अशीच तिची अवस्था आहे. त्याखाली तिघांच्या सह्या झाल्या. भाचा आमच्यावर रुसला होता, हे लपविण्यात अर्थ नाही.

सुनावणी दहा मिनिटे चालली. अधिकाऱ्याने सर्व ऐकले, छायाचित्रे पाहिली आणि गाडी उचलण्यास वाजवी कारण होते, असा निर्णय दिला. पैसे परत मिळाले नाहीत. त्यातील निम्मे आम्ही भाच्याच्या हाती ठेवले. कारण मान आम्हीही डोलावली होती.

काही महिन्यांनी भाच्याने कळविले की, त्या प्रवेशद्वारावरची फांदी छाटली आहे. ती आमच्या अर्जामुळे छाटली की नेहमीच्या छाटणीत गेली, कोण सांगणार? "आता पाटी दुरूनही वाचता येते, मामा," असे मात्र त्याने आवर्जून लिहिले होते. आता तो पाट्या वाचू लागला होता.