जुनें गोंदण आणि नवी शाई

(शास्त्रपाठ: यशया ४९:१६)



एका खेड्यांतील मंडळीच्या उपदेशकानें आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. त्याच्या मंडळींतील एका वृद्ध भगिनीच्या उजव्या हातावर लहानपणीं गोंदलेलें एका दैवताचें नांव आहे. बाप्तिस्मा होऊन पुष्कळ वर्षें लोटलीं, तरी प्रभुभोजनाच्या वेळीं ती तो हात पदराखालीं लपविते. आणि अलीकडे तर त्या दिवशीं उपासनेस येईनाशी झाली आहे. मुलगा म्हणतो, "आई, जत्रेंत यंत्रानें गोंदणारा येतो. त्या नांवावर मोठा क्रूस गोंदवून घे, म्हणजे कोणी बोलणार नाहीं." असें करावें काय?

प्रथम गोंदण म्हणजे काय तें पाहूं. आपल्या आजीपणजींच्या काळीं गोंदणारीण दारीं येई, काजळाच्या शाईंत सुई बुडवून टोची, आणि रडणाऱ्या मुलीस घरच्या बाया धरून ठेवीत. ती शाई कातडीच्या वरच्या थरांत राहत नाहीं. खालच्या थरांत उतरते. तेथें शरीराच्या पेशी तिचे कण गिळून धरून ठेवितात. फ्रान्समधील संशोधकांनीं २०१८ सालीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, अशी पेशी मेली म्हणजे तिनें सोडलेले कण नवी पेशी उचलून घेते. म्हणून वरची कातडी नित्य नवी होते, तरी गोंदण जात नाहीं.

त्यावर पुनः गोंदलें तर नवी शाई जुन्या शाईवर झांकण घालीत नाहीं; त्याच थरांत जाऊन तिच्यांत मिसळते. म्हणून जुनें लपवावयाचें तर नवी आकृति अधिक मोठी व अधिक काळी काढावी लागते. जुनी शाई काढण्याचा उपाय निराळा आहे. लेसर नांवाच्या प्रखर प्रकाशानें तिचे कण फुटतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतें. त्यास अनेक खेपा लागतात, वेदना होतात, खर्चही पुष्कळ येतो. शाईनें शाई जात नाहीं. ती प्रकाशानें जाते.

बंधूंनो, पापाचेंही असेंच आहे. आपण नवें नांव घेतलें, पण लग्न जुळवितांना आधीं पूर्वींची जात विचारितों. ती आपण काढली नाहीं, ख्रिस्ती नांवाखालीं झांकली. मंडळीच्या वर्गणींत अफरातफर झाली, ती कबूल न करितां आपण प्रार्थना लांबवितों. असें झांकण घालतां घालतां डाग वाढतच जातो. तो प्रभूच्या प्रकाशांत आणा. ज्याचा अपराध केला त्यापाशीं जाऊन कबूल करा. वेदना होतील, वेळ लागेल. पण तो जाईल.

परंतु त्या भगिनीचें गोंदण हें तिचें पाप नव्हे. देवानें आपल्या लोकांस अंगावर खुणा करण्यास मना केलें (लेवीय १९:२८), हें खरें. पण ज्या मुलीस धरून गोंदलें तिनें कोणती आज्ञा मोडली? मिसर देशांतील कोप्त ख्रिस्ती मनगटावर क्रूस गोंदवून घेतात. तो ते विश्वासाची साक्ष म्हणून उघडपणें मिरवितात. त्यांचा न्याय आम्ही करीत नाहीं. परंतु लोकांच्या भयानें लाज लपविण्यासाठीं क्रूसाचा उपयोग करूं नये. शिवाय जत्रेंत एकच सुई अनेकांस टोचल्यास रक्तांतून काविळीचा रोग पसरूं शकतो, हेंही ध्यानांत असावें.

मग दोष कोणाचा? तिच्या हाताकडे पाहून जे कुजबुजले त्यांचा. उपदेशकांनो, त्यांस प्रीतीनें पण स्पष्ट सांगा. येत्या प्रभुभोजनापूर्वीं त्या आईच्या घरीं जा, तिच्याबरोबर प्रार्थना करा, आणि तिला आपल्यासोबत मंदिरांत घेऊन या.

देवानें सीयोनेस आपल्या तळहातांवर कोरून ठेविलें आहे, असें यशया सांगतो. आणि पुनरुत्थित प्रभूनें थोमापुढें हात केले, तेव्हां खिळ्यांचे व्रण झांकून ठेविले नाहींत. भगिनी, त्याच हातांनीं तो तुला भाकर देत आहे. तुझ्या हातावर काय गोंदलें आहे तें त्यास ठाऊक आहे, तरी तो बोलावीत आहे. पदर बाजूस सार आणि हात पुढें कर. आमेन.