द्राक्षाची साल, चेहऱ्याची कातडी

फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत तासगावहून कवठे महांकाळकडे निघालं, की बेदाण्याच्या शेड दिसू लागतात. लोखंडी अँगलचे रॅक, त्यांवर एकावर एक ताणलेल्या जाळ्या आणि जाळ्यांवर पसरलेली हिरवी द्राक्षं. शेड याच पट्ट्यात का, तर इथली हवा कोरडी म्हणून. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात या हवेचा वाटा मोठा आहे. त्याच हवेत बाया दिवसभर माल पसरतात, काड्या काढतात, निवडणी करतात. बेदाण्याला जी हवा मानवते ती त्यांच्या चेहऱ्याला कशी मानवेल?

द्राक्ष नुसतं वाऱ्यावर टाकलं तर लवकर सुकत नाही. त्याच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. ताज्या घडावर जी पांढुरकी झाक दिसते ती त्याचीच. हे मेण आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून जाळीवर टाकण्याआधी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. मेणाची घडी विस्कटते, पाण्याला वाट मिळते आणि दोनेक आठवड्यांत बेदाणा तयार होतो.

माणसाच्या कातडीचं गणित फार वेगळं नाही. आपल्या त्वचेचा अगदी वरचा थर जेमतेम 0.02 मिलिमीटर जाडीचा असतो. मृत, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर आणि पदरांच्या मध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं असा तो ऐवज. आतलं पाणी आत राहतं ते या स्निग्धतेमुळे. निरोगी त्वचेचा सामू पाचच्या आसपास, थोडा आम्लाकडे झुकलेला. आंघोळीच्या साबणाचा मात्र नऊ-दहा. बेदाण्याचं द्रावणही अल्कधर्मीच. जे काम द्रावण द्राक्षावर एका बुडवणीत करतं, तेच साबण चेहऱ्यावर हळूहळू, रोज थोडं थोडं करतो. वय वाढलं की त्वचेचं स्वतःचं तेलही कमी होतं, बायकांमध्ये पाळी गेल्यावर तर विशेष. मग तोंड धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी होते, नाकाच्या कडेला पापुद्रे येतात, ओठ उलतात.

एवढं लक्षात आलं की ‘भरपूर पाणी प्या, कांती आपोआप उजळेल’ या सल्ल्याची मर्यादा कळते. पाणी प्यावंच, पण कोरड्या चेहऱ्यावर खरा प्रश्न पाणी आत राहण्याचा असतो. मॉइश्चरायझर तिथेच उपयोगी पडतं. त्यातलं ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, तेलं पदरांमधल्या फटी भरतात आणि व्हॅसलीनसारखा पदार्थ वरून झाकण घालतो. अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. झाकण घालण्याच्या कामात त्याच्या तोडीचा पदार्थ आजही सहसा सापडत नाही. आपल्या पट्ट्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची. फार कोरड्या हवेत नुसतं ग्लिसरीन लावलं तर ओढून घ्यायला हवेत पाणी नसतं, ते त्वचेच्या आतलंच पाणी वर ओढतं. म्हणून वरचं झाकण हवंच, आणि लावायची वेळ म्हणजे तोंड टिपल्या टिपल्या, कातडी ओलसर असतानाच.

मी सध्या मेडिकलमध्ये मिळणारं एक साधं, बिनवासाचं लोशन रोज वापरून पाहते आहे. धुतल्यानंतरची ओढ लवकर गेली, पापुद्रे गेले. डोळ्यांकडेच्या बारीक रेषा मऊ दिसतात, कारण पाणी धरल्यावर कातडी जराशी फुगते. रेषा जागेवरच आहेत. डोळ्यांखालच्या काळसरपणात फरक नाही, आणि तो त्या लोशनचा दोष नाही. बाटल्यांवर ‘थकलेल्या त्वचेसाठी’ असं लिहिलेलं असतं. थकतं ते माणूस. पहाटे उठून पाणी भरून, डबे करून, दिवसभर राबून उशिरा आडवी होणारी बाई थकलेली असते. तिच्या झोपेचं काम कुठलीही बाटली करणार नाही, आणि तसा दावा करणं मला अप्रामाणिक वाटतं.

शेजारच्या साताऱ्यात तर एकाच जिल्ह्यात दोन टोकाच्या हवा आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, सह्याद्रीच्या आडोशाला पूर्वेकडे असलेल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. म्हसवड-दहिवडीकडे बोअरच्या क्षाराच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून तो जास्त घासला जातो, आणि त्याचा पांढुरका साका कातडीवर राहतो. तिथल्या बाईला साबण कमी लावणं आणि नंतर काहीतरी स्निग्ध लावणं हे सौंदर्याआधी आरामासाठी हवं आहे.

आपल्या जुन्या घरांना हे ठाऊक होतं. दिवाळीच्या अभ्यंगात आधी तेल, मग उटणं, हा क्रम उगाच पडलेला नाही. थंडीत गालांना साय लागायची, भेगाळल्या टाचांना कोकमचं तेल. पण ही काळजी सणावारी, किंवा रक्त यायला लागल्यावर घेतली जाई. आणि उटणं म्हणजे हळद म्हणून ते रोज चांगलं, हे मला पटत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मानांकन मिळालं, तिचा मला अभिमान आहे. तरीही कोरड्या चेहऱ्यावर रोज डाळीचं पीठ घासलं तर उरलीसुरली स्निग्धताही जाते.

बाजाराने या गरजेचं काय केलं तेही पाहायला हवं. 1975 या एकाच वर्षी आपल्याकडे दोन क्रीम आली, पेंढरकर कुटुंबाची विको टर्मरिक आणि फेअर अँड लव्हली. विकोचं क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, हा अबकारी कराचा वाद वर्षानुवर्षं चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनीच्या बाजूने सुटला. चेहऱ्याला लावायची वस्तू गरज की चैन, हे ठरवणं सरकारलाही सोपं गेलं नाही. दुसऱ्या क्रीमने गोरेपणाचं स्वप्न विकलं. नावातला ‘फेअर’ जायला 2020 उजाडावं लागलं. उन्हात राबणाऱ्या सावळ्या बायकांना इतकी वर्षं सांगितलं गेलं, की तुमचा रंग चुकीचा आहे. तुमची कातडी दुखते आहे का, असं विचारणारी जाहिरात मला आठवत नाही.

म्हणूनच शेतात किंवा शेडवर जाणारी बाई तोंडाला काही लावायला लाजते. ‘कुठं निघाली नटून?’ हा प्रश्न तिला घरातच ऐकावा लागतो. रंग उजळायचं औषध म्हणून जे विकलं गेलं, ते लावणं नट्टापट्टाच ठरणार. पण उललेल्या ओठांनी बोलणं, भेगाळलेल्या बोटांनी भाकरी थापणं ही वेदना आहे, आणि स्वस्तात टळणारी आहे. साधी पेट्रोलियम जेली किंवा ग्लिसरीनचं लोशन यापलीकडे काहीही महाग घ्यायची गरज नाही.

बेदाण्याच्या शेडवर द्रावणाचं माप लिटरला ग्रॅममध्ये ठरलेलं असतं, गंधकाच्या धुरीची वेळ ठरलेली असते. त्याच काटेकोरपणे घड बुडवणाऱ्या हातांना रबरी मोजे आणि धुरीजवळ काम करणाऱ्यांना योग्य मास्क मिळाले पाहिजेत. हात-तोंड धुवायच्या जागी गोडं पाणी, सौम्य साबण आणि पेट्रोलियम जेलीचा एक मोठा डबा ठेवावा. हंगामाच्या खर्चात हा डबा तेलाच्या आणि जाळ्यांच्या शेजारी धरला जावा, आणि बायांनी तो मागायची वेळ येऊ नये.