धुराचे मोजमाप आणि ऋणाचा विचार

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली असून त्यांत चुलीचे नाव पहिले येते. तेथे नकळत घडणाऱ्या जीवहत्येच्या दोषातून सुटण्यासाठी जे पंचमहायज्ञ नेमून दिले आहेत, त्यांतला पहिला ब्रह्मयज्ञ, म्हणजे अध्यापन, होय. चुलीवरील हिंसेचे परिमार्जन ज्ञानदानापासून सुरू व्हावे हा संबंध विलक्षण आहे. मात्र या हिशेबात चुलीपुढे बसणाऱ्या बाईची फुप्फुसे धरायची राहून गेली.

जळगाव-धुळ्याच्या कापूसपट्ट्यात वेचणीनंतर उपटलेल्या पऱ्हाट्या हे फुकटचे सरपण असते, भरिताची वांगी त्यांच्याच जाळावर भाजतात आणि खापरावरची पुरणपोळी लाकडाच्या आचेवर होते, म्हणून २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेचा सिलिंडर आला तरी चूल विझतेच असे नाही. अशा घरात संशोधक पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन वा त्याहून बारीक, फुप्फुसात खोलवर शिरणारे कण मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांच्यासाठी चोवीस तासांची सरासरी मर्यादा घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम सुचवली आहे.

यंत्र संशोधकाचे असले तरी मोजलेला श्वास त्या बाईचा असतो. वैदिक परंपरेत मनुष्य जन्मतःच ऋषींचा ऋणी मानला आहे, कारण ज्ञान त्यांच्याकडून मिळाले. धुराविषयीचे ज्ञान जिच्यामुळे मिळाले तिचेही ऋण त्याच न्यायाने मानावे लागते, आणि तिला निष्कर्ष सांगणे ही संशोधकाची परतफेड ठरते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सहबंदिवानांपुढे मराठीत गीता उलगडली व साने गुरुजींनी ती प्रवचने टिपून घेतली, त्या भूमीत तिच्या घरचा आकडाही तिथल्या अहिराणीत, सकाळच्या भाकरीच्या वेळी धूर किती चढला हे दाखवत, सांगता आला पाहिजे.

पर्याय नसलेल्या घरात असा आकडा सांगणे म्हणजे भय पेरणे, हा अहिंसेच्या बाजूने येणारा आक्षेप गंभीर आहे. तरीही खोकला जिने आधीच ओळखला आहे तिच्यापासून त्याचे कारण दडवणे हा तिच्या बुद्धीचा अवमान होय. सरपण कोरडे ठेवणे, कोरड्या दिवसांत अंगणात रांधणे, तान्ह्याला दूर निजवणे हे सांगताना सिलिंडरची किंमत तिच्या हाती नाही हेही सांगावे, म्हणजे दोष तिच्या माथी येत नाही. उत्तर नेहमी दिलासा देणारेच येते असे नाही: ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि तमिळनाडू येथील सुमारे ३,२०० गर्भवतींच्या ‘हॅपिन’ चाचणीत गॅसमुळे श्वासातील कण बरेच घटले, पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक आढळला नाही. असे निराश करणारे उत्तरही सहभागींचेच असते आणि तेही त्यांना तितक्याच सरळपणे कळले पाहिजे.

ग्रामसभेत एका घराचा आकडा उच्चारला गेला तर तो सुनेच्या कामातला दोष ठरण्यास वेळ लागत नाही, म्हणून सभेत गावाची सरासरी मांडावी, घराचा आकडा मात्र रांधणारीला तिच्या सवडीने सांगावा, आणि सासू शेजारी असेल तर तो सासूसमोर सांगावा का, हे आधी रांधणारीलाच विचारावे.