विसरण्याचे औषध

दुःखाचा विसर पडावा, असे कोणाला वाटले नसेल? पण हा विसर बाटलीत भरून मिळू लागला तर तो घ्यावा काय?

‘एपी-५’ नावाचे एक द्रव्य आहे. ब्रिस्टलच्या जेफ्री वॉटकिन्स यांच्या संशोधनातून ते पुढे आले. औषधाच्या दुकानात ते मिळत नाही. त्याचा वावर प्रयोगशाळेपुरताच. मेंदूतील पेशींवर एक प्रकारची कुलपे असतात आणि ग्लुटामेट ही त्यांची किल्ली. मात्र नुसती किल्ली येऊन भागत नाही. त्याच क्षणी ती पेशी स्वतःही चेतलेली असावी लागते. एपी-५ किल्लीची जागा अडवून बसते. स्वतः कुलूप उघडत नाही आणि किल्लीलाही उघडू देत नाही.

१९८६ साली रिचर्ड मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य उंदरांच्या मेंदूत सोडून त्यांना दुधट पाण्याच्या हौदात पोहायला लावले. पाण्याखाली, दिसणार नाही असा, एक लहानसा चौथरा होता. इतर उंदीर भोवतालच्या खुणांवरून त्याची जागा शिकले. या उंदरांना पोहता येई, पण जागा काही नीट ध्यानी राहीना. पुढे असेही दिसले की, आधी शिकलेली जागा मात्र हे द्रव्य पुसत नाही.

हे मी घरी सांगत होतो, तेव्हा वहिनींनी विचारले, “भाऊजी, असले औषध माणसाला देतात का हो?”

दोन वर्षांपूर्वी त्यांचा तरुण मुलगा गेला. झालेले पुसायला याचा उपयोग नाही, हे शास्त्राचे उत्तर मी देऊन टाकले. पण त्यांचा प्रश्न शास्त्राचा नव्हताच. मी म्हटले, “पुसणारे निघाले, आणि त्याच्यासकट सगळेच जाणार असले, तर?”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मग नको. रात्री झोप लागेल असे काही असले तर सांगा.”

या दोन वाक्यांत मला साऱ्या प्रश्नाचा निवाडा दिसतो. सोसण्याचे गोडवे बहुधा ज्याला सोसावे लागत नाही तोच गातो. दुःखाची धार कमी करणे यात कमीपणा नाही. ती दयाच आहे. पण ज्याच्यासाठी दुःख होते त्यालाच मनातून काढून टाकणे ही निराळी गोष्ट. कुलूप काही गोड-कडू निवडत नाही. मुलाची पहिली पावले ज्या दाराने आत आली, त्याच दाराने ती शेवटची रात्रही आली. आणि गेलेल्या माणसाचे आपल्याकडे एवढेच तर मागणे उरते, की कोणीतरी आठवण ठेवावी. ते मागणे पुरवायचे की नाही, हे वैद्याने नव्हे, नातलगांनीही नव्हे. ज्याचे दुःख त्यानेच ठरवावे. आपण इतरांनी फार तर त्याला झोप लागेपर्यंत उशाशी बसावे.